कच्चा माल

पुण्याचा इतिहास शनिवारवाड्यापासून सुरू करायचा आणि लकडी पुलाशी आणून सोडायचा, असा एक अलिखित नियम आहे. एखादा इतिहासकार फारच उदार मनाचा असला तर तो पर्वतीच्या पायऱ्या चढतो. पण पर्वती उतरून, सातारा रस्ता ओलांडून बिबवेवाडीत पाऊल टाकणारा इतिहासकार अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. बिबवेवाडीत इतिहास घडत नाही, तिथे फक्त अप्परची बस येते, अशी शहरातल्या मंडळींची ठाम समजूत आहे. (आमच्याकडे 'अप्पर' म्हटलं की रेल्वेतला बर्थ डोळ्यांसमोर येत नाही, इंदिरानगर येतं.)

त्यातून गावाचं नाव असं, की आम्ही कुठल्याही चांगल्या कामाला हात लावला की पेठेतले लोक "आता हे बिब्बा घालणार" अशी कोटी करून मोकळे होतात. त्यांना बिब्ब्याचा तेवढा एकच उपयोग ठाऊक. पूर्वीचे परीट ह्याच बिब्ब्याने कपड्याच्या कोपऱ्यावर खूण करत. कपडा कितीही आपटा, खूण जायची नाही. शंभर घरांच्या धुण्यातून जोश्यांचं धोतर जोश्यांकडे आणि कुलकर्ण्यांचं कुलकर्ण्यांकडे सुखरूप परत जाई, ते त्या एका डागामुळे. ही परटाची खूण वाचकांनी जरा लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

कारण आज मला जो इतिहास सांगायचा आहे तो चित्रपटाच्या संकलनाचा. संकलन ह्या शब्दाचा अर्थ गोळा करणं, एकत्र करणं. प्रत्यक्षात ह्या धंद्यातला माणूस जन्मभर फेकून देण्याचं काम करतो. इतका सभ्य शब्द इतक्या निर्दय कामाला मराठीत दुसरा वापरलेला नसेल.

ह्या विषयाकडे मी वळलो तो आमच्या पुतणीच्या लग्नामुळे. हल्ली लग्न नुसतं लागून चालत नाही, त्याचा सिनेमा व्हावा लागतो. चित्रीकरण करणाऱ्या मंडळींचे दोन भाव होते. तयार सिनेमा हवा असेल तर एक, आणि नुसता कच्चा माल हवा असेल तर त्याच्या निम्मा. आमचे दादा, म्हणजे नवरीचे वडील, हिशेबाला पक्के. रिक्षावाल्याकडून सुटे दोन रुपये परत घेण्यासाठी भर पावसात उभे राहणारे. ते म्हणाले, "पोरगा घरातच आहे की! तो जोडेल." अशा रीतीने दोन कॅमेरे, एक ड्रोन आणि सहा नातेवाइकांचे मोबाइल ह्यांनी मिळून टिपलेलं अकरा तासांचं लग्न, साबणाच्या वडीएवढ्या एका डबीत भरून, आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं. टेबल आमचंच का, तर दादांकडे आल्यागेल्याचा राबता फार आणि आमच्याकडे चहा वेळेवर मिळतो.

'कच्चा माल' ह्या शब्दाचं आम्हां बिबवेवाडीकरांना नवल नाही. मार्केट यार्डाचा शेजार आहे. पहाटे कांद्या-बटाट्याचे ट्रक येतात तेव्हा उठायचं आणि भुसार बाजाराच्या गर्दीतून वाट काढत घरी यायचं, ह्यातच आमचं आयुष्य गेलेलं. त्यामुळे टेबलाच्या ह्या टोकाला पुतण्या लग्न उघडून बसला आणि त्या टोकाला सौ. मेथीची जुडी सोडून बसली, तेव्हा दोघंही एकाच धंद्यात आहेत हे माझ्या लगेच ध्यानात आलं.

माझी कल्पना अशी, की आता हा पोरगा कात्री चालवणार. पण दोन संध्याकाळी त्याने काहीही कापलं नाही. "आधी सेटिंग, काका," एवढंच म्हणत राहिला. आणि त्याच्या एकेका सेटिंगमागे इतिहासाचं एकेक दप्तर उघडायला लागलं.

पहिला प्रश्न त्याने विचारला तो असा : "काका, टाइमलाइन पंचवीसवर ठेवू का तीसवर?"

हा आकडा म्हणजे एका सेकंदात किती चित्रं. सिनेमात काहीच हलत नसतं हे आपण विसरतो. सगळी स्थिर चित्रं असतात आणि ती भराभर दाखवली की आपला डोळा फसतो. दादासाहेब फाळक्यांच्या काळात हा वेग यंत्राच्या नव्हे, माणसाच्या हातात होता. १९१२ साली विलायतेहून त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला, त्याला शिवणयंत्रासारखा हाताने फिरवायचा दांडा. सेकंदाला साधारण सोळा चित्रं पडतील अशा बेताने तो फिरवायचा. फिरवणाऱ्याचं जेवण जड झालं असेल तर रामाची चाल आपोआप घाईची होणार! पुढे बोलपट आला. 'आलम आरा' मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला तो १४ मार्च १९३१ रोजी, आणि आमच्या प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ साली. चित्राचा वेग कमीजास्त झाला तर डोळा चालवून घेतो, पण आवाजाचा वेग बदलला की राजा हरिश्चंद्राचा आवाज तारामतीच्या तोंडून यावा तसा यायला लागतो. कान हा डोळ्यापेक्षा खवट. म्हणून सगळ्या जगाने चोवीस हा आकडा ठरवून टाकला.

मग पंचवीस कुठून आला? तर विजेच्या खांबावरून. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, अमेरिकेतली साठ. दूरचित्रवाणी आली तेव्हा चित्रांचा वेग विजेच्या फेऱ्यांच्या निम्मा ठेवणं सोयीचं होतं. म्हणून आपल्याकडे पंचवीस, त्यांच्याकडे तीस. मोबाइल बनवणाऱ्यांनी मात्र मनाने अमेरिकेतच राहायचं ठरवलेलं दिसतं. त्यामुळे नवरीच्या मामांनी तीसच्या वेगाने जे टिपलं, त्यात मंगल कार्यालयाच्या दिव्यांची लुकलुक पकडली जाऊन भटजींच्या उघड्या पाठीवरून काळे पट्टे सावकाश खाली सरकत होते. वहिनींना तो दृष्टीचा प्रकार वाटला. पुतण्या म्हणाला, "आई, ही महावितरणची फ्रिक्वेन्सी आहे." टाइमलाइन पंचवीसवर ठरली. विजेचं बिल भरणाऱ्या माणसाला सिनेमातही विजेचं ऐकावं लागतं ते असं.

दुसरा प्रसंग रंगाचा. मोठ्या कॅमेऱ्यातलं चित्र पडद्यावर आलं आणि वहिनींनी कपाळाला हात लावला. मोरपंखी शालू राखेत घोळवल्यासारखा. नवऱ्या मुलाचा चेहरा तर कावीळ उतरत आलेल्या माणसासारखा. "एवढे पैसे घेतले आणि रंग टाकायला विसरले की काय?" विसरले नव्हते. चांगला कॅमेरा मुद्दामच असं फिकट चित्र साठवतो. ह्या प्रकाराला 'लॉग' म्हणतात. भडक उन्हातला पांढरा फेटा आणि मांडवाच्या सावलीतली काळी चंद्रकळा, दोन्हींतले बारकावे टिकावेत म्हणून तो रंग आणि उजेड दाबून ठेवतो, आणि मग आपण बसल्या जागी हवा तेवढा रंग चढवायचा. सौ.ने मेथीतून मान वर न करता हे सगळं एका वाक्यात सांगितलं : "म्हणजे अळणी वरण. वरून मीठ घालता येतं, घातलेलं काढता येत नाही."

हे मीठ घालण्याची सोय प्रभातला नव्हती. १९३३ साली त्यांनी 'सैरंध्री' रंगीत करायचा घाट घातला. त्यासाठी छपाईचं काम थेट जर्मनीला नेलं. बोटीचा प्रवास, परदेशी यंत्रं, भरमसाट खर्च. आणि रंग मनासारखे उतरले नाहीत ते नाहीतच. आज आमचा पोरगा दाविंचीच्या नावाचं सॉफ्टवेअर उघडतो, एक चक्र अंगठ्याएवढं फिरवतो आणि शालू मोरपंखी होतो. (मोनालिसावाल्या दाविंचीचा ह्या सॉफ्टवेअरशी नावापुरताच संबंध. रंग दुरुस्त करणारी ही यंत्रं १९८०च्या दशकातली, बंगल्याच्या किमतीची. २००९ साली एका ऑस्ट्रेलियन कंपनीने तो धंदा विकत घेतला आणि पुढे साधी आवृत्ती चक्क फुकट वाटली. दादांनी हेच सॉफ्टवेअर का निवडायला लावलं, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल.)

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडली. चित्रं इतकी जड होती, की आमच्या पुतण्याचा संगणक ती चालवताना सासरी निघालेल्या मुलीसारखा पावलापावलावर थांबत होता. तेव्हा तो म्हणाला, "प्रॉक्सी करायला लावतो आणि झोपतो." प्रॉक्सी म्हणजे काय, तर प्रत्येक चित्राची एक हलकी, कमी दर्जाची नक्कल. सगळी कापाकापी नकलेवर करायची आणि शेवटी संगणकाला सांगायचं, की बाबा रे, नकलेत जिथे जिथे कापलं तिथेच अस्सलमध्ये जोड.

पोरांना वाटतं ही त्यांच्या पिढीची हुशारी. पण फिल्मच्या जमान्यात अगदी हेच चालत असे. कॅमेऱ्यातून निघालेली निगेटिव्ह एकदा धुतली की तिजोरीत. तिच्यावरून एक कामचलाऊ प्रत काढायची. तिच्यावर मेणाच्या पेन्सिलीने रेघोट्या मारायच्या, ती कापायची, चिकटवायची, पुन्हा सोडवायची. ती प्रत बिचारी चरे पडून म्हातारी व्हायची. सगळं ठरलं, की मगच निगेटिव्हला कात्री. आता लाखो फुटांतून नेमका तोच तुकडा सापडायचा कसा? तर कच्च्या फिल्मच्या कडेला कारखान्यातच ठरावीक अंतराने आकडे छापलेले असत. ते निगेटिव्हवरून प्रतीवर उतरत. आकड्याला आकडा जुळवला, की जोश्यांचं धोतर जोश्यांकडे! परटाची खूण म्हणत होतो ती ही. निगेटिव्ह कापणाऱ्याचा हात मात्र चुकून चालत नसे. तिथे दुसरी प्रत नव्हती आणि पुन्हा राम वनवासाला जायला तयार नव्हता.

चौथी अडचण आवाज जुळवण्याची. चित्रीकरणात लाकडी पाटी आपटतात ती काही नटाला घाबरवण्यासाठी नव्हे. पाटी मिटल्याचं चित्र आणि 'टक्' हा आवाज, दोन्ही एका रेषेत आणले की पुढचं सगळं बोलणं ओठांशी जुळतं. लग्नात पाटी कोण आपटणार? दोन कॅमेरे, सहा मोबाइल, प्रत्येकाचा आवाज निराळा. पण आपल्या पूर्वजांनी ही सोय फार आधी करून ठेवलेली आहे. शेवटचं 'सावधान' झालं, की त्याच क्षणी टाळ्या, ताशा आणि सनई एकदम उसळतात. आवाजाच्या आलेखात ती जागा सुळक्यासारखी उभी राहते. पुतण्याने आठही आवाजांचे सुळके एकाखाली एक लावले आणि अकरा तासांचं लग्न एका ताशावर जुळलं. मंगलाष्टकांचा असा शास्त्रीय उपयोग सांगणारा ग्रंथ अद्याप कुणी लिहिलेला नाही, हे आश्चर्यच.

आता कात्री. ही कात्री महाराष्ट्रात पहिल्यांदा चालली ती स्वयंपाकघराच्या आसपास. दादरला फाळक्यांचं घर म्हणजेच त्यांचा कारखाना. कच्च्या फिल्मच्या कडांना भोकंसुद्धा पाडलेली नसत. ती काळोखात बसून पाडायच्या सरस्वतीबाई. रसायनं मिसळायला सरस्वतीबाई, फिल्म धुवायला सरस्वतीबाई, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायलाही सरस्वतीबाईच. जोडकामातही त्यांचा हात होता म्हणून अनेक जण त्यांना देशाच्या पहिल्या संकलक म्हणतात. ज्या बाईने भांडवल उभं करायला अंगावरचे दागिने काढून दिले, तिचं नाव 'राजा हरिश्चंद्र'च्या श्रेयनामावलीत शोधायला जाऊ नये. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांनी ती ३७०० फुटांची कमाल पाहिली. त्यातलं एकेक भोक माजघरातल्या काळोखात पडलेलं होतं, हे तिकीट काढणाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

जोडायची पद्धत तेव्हा सगळ्या जगात सारखीच. फिल्म उजेडासमोर धरायची, डोळ्यांनी चित्रं मोजायची आणि कापायची. लांबी मोजायची तर कापडवाल्यासारखी, नाकाच्या शेंड्यापासून हाताच्या बोटापर्यंत. पुढे १९२४ साली हॉलीवूडमध्ये मूव्हिओला नावाचं यंत्र आलं. त्याच्या कर्त्याने ते खरं म्हणजे श्रीमंतांनी दिवाणखान्यात सिनेमा पाहावा म्हणून केलं होतं. किंमत ऐकून श्रीमंत पळाले आणि यंत्र संकलकांच्या पदरात पडलं. ते इंजिनासारखं खडखडे. नंतर जर्मनीहून स्टीनबेकची टेबलं आली. त्यांवर फिल्म आडवी आणि शांतपणे फिरे. कापलेले तुकडे खुंट्यांना अडकवून खाली कापडाच्या झोळीत सोडत, चाळीतल्या वाळवणासारखे. त्या झोळीला म्हणायचं 'बिन'. आज आमच्या पुतण्याच्या पडद्यावर कोपऱ्यात 'बिन' असं लिहिलेलं चौकोनी खोकं दिसतं. आत ना खुंटी ना झोळी, पण नाव तेच.

ह्या टेबलांशी महाराष्ट्रातली किती माणसं झिजली! प्रभातचा स्टुडिओ १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आला, १९५३ साली बंद पडला आणि १९६० पासून त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट भरायला लागली. तिथे १९७४च्या सुमारास रेणू सलुजा नावाची मुलगी दिग्दर्शन शिकायला म्हणून आली. दिग्दर्शनाला प्रवेश मिळाला नाही, तेव्हा संकलन घेतलं. पुढे 'जाने भी दो यारो', 'परिंदा', 'धारावी' ह्यांसारखे चित्रपट तिच्या हाताखालून गेले आणि संकलनाचं राष्ट्रीय पारितोषिक तिने चार वेळा घेतलं. अगदी ऐन भरात, २००० साली ती गेली. पण तिच्यामुळे संकलकाचं नाव लोक वाचायला लागले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आणि माधव शिंदे! 'शोले'तला गब्बर लहान पोरालाही माहीत, पण 'शोले' कापला कुणी हे मोठ्यांनाही सांगता यायचं नाही. एम. एस. शिंदे हा मराठी माणूस. सुमारे तीन लाख फूट फिल्म त्यांच्यापुढे आली असं सांगतात. मिनिटाला नव्वद फूट ह्या हिशेबाने ते पंचावन्न तास होतात. त्यातून त्यांनी साधारण साडेतीन तासांचा सिनेमा काढला. म्हणजे सोळातले पंधरा वाटे फेकले आणि जो एक उरला तो आजतागायत चालतो आहे. त्या वर्षी 'शोले'ला फिल्मफेअरचं एकच पारितोषिक मिळालं, ते ह्या फेकणाऱ्या माणसाला.

फेकण्याची हौस आपल्याकडे फक्त संकलकांनाच होती असं मात्र नाही. १९८०च्या दशकात व्हिडिओवर लग्नं टिपायला लागले तेव्हा काहीच फेकत नसत. कारण फेकणंच अवघड होतं. दोन व्हीसीआर शेजारी ठेवायचे, ह्याच्यावरून त्याच्यावर उतरवत जायचं. मध्येच विसरलेली आजी घालायची झाली, तर आजीनंतरचं सगळं लग्न पुन्हा उतरवायचं. म्हणून आजी राहून जात. आणि नकलेची नक्कल काढली की चेहरे वितळत. तिसऱ्या प्रतीत सगळं वऱ्हाड पाण्याखाली उभं असल्यासारखं दिसे. तरी आम्ही ती तीन-तीन तासांची कॅसेट पाहुण्यांना दाखवत होतो आणि पाहुणे ती बघत होते. ती पिढीच सोशिक.

आता वाटेल तिथून वाटेल तो तुकडा उचलता येतो. त्यामुळे कात्रीचं खरं सामर्थ्य घरोघर कळायला लागलं आहे. १९२०च्या सुमारास रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या गृहस्थाने एक प्रयोग केला. एका नटाचा मख्ख चेहरा घेतला. त्याच्यानंतर एकदा सुपाचा वाडगा जोडला, एकदा शवपेटी. लोक म्हणाले, काय भूक दाखवली आहे, काय दुःख दाखवलं आहे! चेहरा तोच होता. आमच्या टेबलावर हाच प्रयोग विहीणबाईंवर झाला. त्यांचा एक निर्विकार चेहरा होता. तो पुतण्याने आहेराच्या ताटानंतर जोडला तर त्या असमाधानी दिसत, आणि पाठवणीनंतर जोडला तर गहिवरलेल्या. वहिनी म्हणाल्या, "आहेराच्या मागेच ठेव." दादा म्हणाले, "मुलगी तिकडे नांदायची आहे." चेहरा पाठवणीला गेला. इतिहासात पुष्कळ घराण्यांची बरीवाईट कीर्ती अशीच ठरली असणार.

असं करता करता अकरा तासांचे बावीस मिनिटं झाली. उरलेलं सगळं एका बिनमध्ये होतं. पुतण्याने त्याला नाव दिलं होतं 'टाकाऊ'. त्यात हललेली चित्रं, पंगतीतल्या पाठी, ड्रोनला घाबरून पळालेली कावळ्यांची फौज. आणि त्यातच एक तुकडा होता. जेवणाच्या सुट्टीत छायाचित्रकार कॅमेरा तिपाईवर तसाच चालू ठेवून गेलेला. चौकट रिकामी, फोकस मागच्या पडद्यावर. तेवढ्यात डावीकडून आमची अक्का येते. अक्का म्हणजे आमची सगळ्यांत थोरली बहीण, नवरीची आत्या. ती नवरीच्या केसांत अडकलेल्या अक्षता एकेक करून काढते आणि तळहातावर जमा करते. "जेवलीस का गं?" म्हणते. मग तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे जातं. अगदी जवळ येऊन, कपाळाला आठी घालून ती भिंगात बघते आणि विचारते, "चालू आहे का रे हे?" आणि पदर सावरून निघून जाते. एकूण चाळीस सेकंद. अक्का पूर्ण अस्पष्ट, मागचा झेंडूचा पडदा मात्र लख्ख.

लग्न वैशाखातलं. अक्का भाद्रपदात गेली. पुतण्या संकलनाला बसला तो मार्गशीर्षात. मुख्य सिनेमात अक्का होती, नाही असं नाही. समूहछायाचित्रात दुसऱ्या रांगेत, नवी साडी, तोंड मिटून. पण ती अक्का नव्हे, अक्काचा फोटो.

तो तुकडा टेबलावर लागला तेव्हा कुणी काही बोललं नाही. सौ. मेथी निवडायची थांबली. मग म्हणाली, "ती काडी टाकू नकोस रे. कोवळी आहे."

"काकू, फोकस नाहीये पण," पुतण्या म्हणाला. धंद्याच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं.

इथे इतिहास पोरांना सांगावा लागतो. आपल्या देशात मूकपट तयार झाले तेराशेच्या आसपास. आज हाताला लागतात ते जेमतेम तीसच्या आतबाहेर, आणि त्यांतलेही बरेच तुकड्यांत. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं उरलं. तीही १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक म्हणतात. 'आलम आरा'ची तर एकही प्रत कुठे नाही. हे सगळं नाहीसं कसं झालं? काही वितळवलं गेलं, कारण जुन्या फिल्ममध्ये चांदी असते. सिनेमा पाहून झाला की चांदी तेवढी काढून घ्यायची. काही जळलं, कारण ती नायट्रेटची फिल्म म्हणजे जवळजवळ दारूगोळाच. प्रभातच्या जुन्या वास्तूतल्या कोठीला २००३च्या जानेवारीत आग लागली आणि प्रभातच्या अस्सल फिल्मा तिथे जळाल्या, ही गोष्ट बिबवेवाडीपासून सात-आठ किलोमीटरांवरची आहे. जे वाचलं ते पी. के. नायरांसारख्या माणसांमुळे. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं आणि हा गृहस्थ घरोघर, गोदामोगोदाम फिरून डबे गोळा करत राहिला. लोक ज्याला टाकाऊ म्हणत होते ते उचलणं हेच त्याचं काम. संकलन ह्या शब्दाचा खरा अर्थ त्या माणसाला कळला होता.

आणि टाकलेल्याचं पुढे काय होईल हे कात्रीवाल्याला सांगता येत नाही. 'शोले'चा मूळ शेवट वेगळा होता. त्यात ठाकूर गब्बरला मारून टाकतो. १९७५ साल, आणीबाणी, सेन्सॉरने ते चालू दिलं नाही. शेवट पुन्हा चित्रित झाला आणि जुना बाजूला पडला. पण बाजूला पडला, नष्ट झाला नाही. लंडनच्या आणि मुंबईच्या गोदामांतून फिल्मा सापडल्या, त्यांची डागडुजी झाली आणि जून २०२५मध्ये, इटलीतल्या बोलोन्या शहरात, तो मूळ शेवट पडद्यावर आला. पन्नास वर्षांनी. ज्यांनी तो डबा फेकला नाही त्या गोदामवाल्यांची नावं कुठल्याच पारितोषिकाच्या यादीत सापडायची नाहीत.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग ह्या पिढीचा नेमका प्रश्न विचारला : "काका, अक्काआत्याची क्लिप ठेवतोच मी. पण बाकीचं? आठशे जीबी आहे. ही डिस्क मला परत दुसऱ्या कामाला लागते. सिनेमा झाला, आता कच्चं सगळं डिलीट करू ना?"

प्रश्न वाजवी होता. अकरा तासांत आणखी काय काय पडलेलं आहे हे कुणी सगळं पाहिलेलं नव्हतं. कुणाची आजी कुठल्या पंगतीच्या मागे अस्पष्ट बसलेली असेल, कुणाचा आवाज कुठल्या गोंगाटात अडकलेला असेल, आणि त्यातलं काय कोवळं आहे हे आज कळण्याचं साधन नाही. ते कळतं माणूस गेल्यावर.

दादा इतका वेळ खिडकीशी उभे होते. लग्नातल्या अक्काने त्यांच्याकडे पाहून काही म्हटलेलं नव्हतं. तरी ती गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी विचारलं, "नवी डिस्क कितीला येते?" पुतण्याने आकडा सांगितला. एरवी ह्या आकड्यावर दादांनी तासभर भाषण केलं असतं. ते काही बोलले नाहीत. चपला घातल्या आणि बाहेर पडले.

तासाभराने परत आले ते दोन डबे घेऊन. एक पोरापुढे ठेवला, एक माझ्यापुढे. "दोन घरांत दोन असू देत," म्हणाले. "एकाच ठिकाणी नको."

किती पैसे पडले हे त्यांनी सांगितलं नाही, आणि पावती मागून घेतली होती की नाही हे आम्ही विचारलं नाही.